वीस वर्षांनंतरची बत्तिशी

प्रिय मेव्हणेबुवा,

मानवजातीच्या इतिहासात भविष्यकाळ स्वतःच्या हातात धरून पाहणारा मी पहिलाच माणूस. तो चपलांच्या खोक्यात आला, आणि टेबलावर जागा नव्हती म्हणून मी तो मांडीवर घेऊन बसलो.

तुमच्या दवाखान्यातलं नवं यंत्र माणसाच्या वीस वर्षांनंतरच्या तोंडाचा ठसा आणतं, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी नुसती मान डोलावली. बायकोच्या भावापुढे तेवढंच करायचं असतं. पण खोक्यातला प्लॅस्टरचा जबडा हातात घेतला आणि चपापलो. जन्म कवळ्या करण्यात गेला माझा. चेहरे विसरतो, दात नाही. तो आडवा घुसलेला सुळा तुमच्या ताईचाच.

बरं वाटलं. ताई तेव्हाही धडधाकट. मग माझा ठसा शोधू लागलो, तर खोक्यात दुसरं काहीच नाही. फोन केला. तुम्ही बराच वेळ घसा खाकरलात आणि म्हणालात, की यंत्रापुढे बसवलं होतं दोघांनाही, पण माझा साचा कोरा निघाला.

दात पडले तरी हिरड्या उरतात हो. हिरड्याही नाहीत, म्हणजे मीच नाही.

तेव्हापासून कामात लक्ष लागेना. मेण करपवलं. एका आजोबांच्या खालच्या कवळीला कुण्या आजींची वरची जोडून मोकळा झालो. ताई म्हणाली, "काय हो, सारख्या येरझारा कसल्या घालताय? कुणाचे दात गिळलेत का?"

आज सकाळी ठसा पुन्हा खिडकीशी धरला. दाढांची टोकं घासून सपाट झालेली, आणि घासल्याच्या कडा अगदी ताज्या. म्हणजे वीस वर्षांनंतरही ती झोपेत दात खाते आहे. आणि खाते ती फक्त मी शेजारी घोरत असलो तरच. मी परगावी गेलो की ढाराढूर झोपते, हे तिने तुम्हालाही ऐकवलंय. तेव्हा मी आहे, आणि घोरतो आहे. कोऱ्या साच्याचाही उलगडा झाला. वीस वर्षांनंतरच्या त्या क्षणी ताई शेजारी उभी असणार. तिच्यासमोर मी तोंड कधी उघडलंय?

तरीही जीव थाऱ्यावर नाही. ताईने तुमच्याकडून कानात घालायचे बोळे मागवलेत म्हणे. माझं घोरणंच ऐकू आलं नाही, तर ती दात खाणार कशी? एवढी कृपा करा, आणू नका.