थेट वायरीतून

ठकीच्या काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे हाती छापील कागद पडला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा सुटत नसे. माणसांसमोर मात्र त्यांची दातखीळ बसायची.

ठकी त्यांची पुतणी. दर रविवारी सकाळी ती आपल्या खोलीतून इंटरनेटवरच्या एका लहानशा रेडिओसाठी तासभर गाणी मिसळायची. तिचा कंट्रोलर चहाच्या ट्रेएवढा: दोन गोल तबकड्या आणि मध्ये सरकत्या कळा. गाणं खोलीतल्या स्पीकरवर वाजायचं आणि लॅपटॉप ते आपल्या कानाने ऐकून पुढे पाठवायचा. लॅपटॉपला कसलीच आवडनिवड नव्हती. दाराची बेल, वहिनींचा मिक्सर, दादांची शिंक, सगळं श्रोत्यांपर्यंत जायचं. म्हणून त्या तासात घर चिडीचूप असे. दादा आणि वहिनी, म्हणजे ठकीचे आईबाप, भांडायचे तेसुद्धा खुणांनी.

तरी रेडिओच्या संचालकांनी निक्षून सांगितलं, की येत्या रविवारी आवाज स्वच्छ आला नाही तर हा तास दुसऱ्या कोणाला तरी देऊ. ठकीचं तोंड एवढंसं झालं. आठवडाभर ती जगायची ती या एका तासासाठी.

काकांनी कंट्रोलरचं खोकं शोधून काढलं. आतली माहितीपुस्तिका प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा आलेली नव्हती. पेन्सिल घेऊन त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचून काढली. शुक्रवारी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "बहुतेक माझंच चुकत असेल. पण लॅपटॉपला जोडलेली ती यूएसबीची वायर आहे ना, तिच्यातूनच आवाज थेट जातो म्हणे. त्याला फक्त सांगायचं, बाबा, ऐकू नकोस, वायरीतून घे."

दादा म्हणाले की प्रुफं तपासणाऱ्याने आता यंत्रंही तपासायला घेतली का. पण ठकीने करून पाहिलं, आणि आवाज आरशासारखा लख्ख आला.

रविवारी ठकीने कंट्रोलरला जोडलेल्या माईकवर श्रोत्यांना नमस्कार केला, माईक बंद केला, आणि हेडफोन चढवून पुढचं गाणं जुळवू लागली. काकांनी स्पीकरचं बटण शून्यावर नेलं. खोली मुकी झाली आणि घराला मोकळं रान मिळालं. वहिनींनी मिक्सर लावला. दादा पोटभर शिंकले. मग दोघांनी ठकीच्या दारात उभं राहून पडद्यांच्या रंगावरून तुंबलेलं भांडण मोकळ्या गळ्याने काढलं. श्रोत्यांपर्यंत त्यातलं काही गेलं नाही.

काकांनाही वारं लागलं. त्यांनी ठकीचा माईक उचलला, चालू केला, टिचकी मारून पाहिली. स्पीकर ढिम्म. म्हणजे हाही बिनधोक.

"मित्रहो," काका नाकातून बोलू लागले, "मी तुमचा लाडका संचालक. गाणं पाच मिनिटांचं असलं तर माझी प्रस्तावना सात मिनिटांची असते. विनोद मीच करतो आणि हसतोही मीच, कारण दुसरं कोणी तयारच होत नाही."

वहिनींना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "अहो भावोजी, त्यांचं ते खाकरणं राहिलं."

काकांना चेव चढला. ते दोनदा खाकरले. तेवढ्यात ठकीने हेडफोन काढले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर श्रोत्यांचे निरोप धो धो येत होते. कोण हे आजोबा? थांबू नका आजोबा.

काकांना पुस्तिकेचं पान एकसष्ट आठवलं. खाली तळटीप होती, की स्पीकरच्या बटणाने फक्त खोलीतला आवाज कमी होतो, वायरीतून जाणारा होत नाही. तिच्या शेवटी पूर्णविराम राहिला होता, तो काकांनी स्वतः दिला होता. अर्थाकडे बघायचं मात्र राहून गेलं होतं.

त्यांनी माईक निखाऱ्यासारखा खाली ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. बिचाऱ्या पोरीचा तास आपण घालवला, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते.

तास संपला तसा संचालकांचा फोन आला. ते आजोबा म्हणजे आपले काका, हे ठकीने सांगून टाकलं. मग काकांना ऐकू जावं म्हणून तिने फोनचा आवाज मोठा करून तो न्हाणीघराच्या दाराशी धरला.

"तुझ्या काकांनी मला जे जे म्हटलं," संचालक म्हणाले, "त्यातलं अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं. मागे एक बाई हसत होत्या, त्याही स्वच्छ. अशा आवाजाला नापास कसं करू? तास तुझाच." मग आवाज जरा उतरला. "फक्त काकांना सांग, ते खाकरणं जमलं नाही. मी असा खाकरत नाही. माझी बायकोही तेच म्हणाली."

चूक दाखवली की ती सुधारल्याशिवाय काकांना राहवत नसे. कडीमागून खाकरल्याचा आवाज आला, एकदाच, पण असा हुबेहूब, की फोनवरचे संचालक बोलायचे थांबले आणि पलीकडे एक बाई खळखळून हसल्या.