डाव्या दाराची काच

"मोटर गई साहब," शकील म्हणाला आणि हात पुसायला लागला. उदयचं डोकंच फिरलं.

अशोका गार्डनच्या त्या गॅरेजात गाडी लावून पाच मिनिटंही झाली नव्हती. शकीलने डाव्या दाराचं बटण एकदा दाबलं. काच कण्हत चार बोटं खाली आली, तिरकी झाली आणि अडकली. तेवढ्यावर याचं निदान तयार, काच वर-खाली करणारी मोटर गेली! उदयने सदतीस वर्षं भोपाळच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली होती. न उघडता निदान करणाऱ्या माणसाचा त्याला आधीपासून राग होता. बायको, रत्नप्रभा, गेल्यापासून तर त्याला सगळ्यांचाच राग यायचा. दूधवाल्याचा, शेजाऱ्यांचा, भेटायला येऊन घड्याळ बघणाऱ्या नातेवाइकांचा.

"खोलके देखा भी नहीं, और मोटर गई?"

"देखना क्या है साहब, अठारा साल पुरानी गाड़ी. बुरा मत मानना, मैडम लोग बटन दबाके रखती हैं. काँच ऊपर पहुँच गया, उँगली फिर भी नहीं हटती. मोटर जल जाती है."

"मैडम का नाम मत ले!" उदय असा ओरडला की पलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. "समझा? उसका नाम नहीं लेना!"

"बाबा," सोबत आलेल्या मुलीने, अबोलीने, त्याचा दंड धरला. "त्यांना काय माहीत? हळू बोला ना."

त्याने दंड सोडवून घेतला. शकीलला माहीत नव्हतं हे खरंच. पण अबोलीला माहीत होतं, आणि ती ज्या नजरेने बघत होती ती त्याला सोसवेना. कारण शकील जे बोलला ते शब्दन् शब्द उदयचंच होतं. "बटण दाबून ठेवतेस, मोटर जाळशील एक दिवस." दहा वर्षं तो रत्नप्रभाला हेच ऐकवत आला होता. काच अडली की ती तळवा काचेवर टेकवून हळूच रेटायची, तर त्यावरही तो खेकसायचा. पुढेपुढे तिने त्या बटणाला हात लावणंच सोडलं.

आणि मग एप्रिलमधली ती दुपार. केमो घेऊन दोघं घरी निघाली होती. एसीचा वास तिला सोसेना, तिला मळमळायला लागलं. "अहो, काच खाली करा हो जरा," ती म्हणाली. काच जागची हलेना. तो गाडी चालवता चालवता ओरडला, "तूच बिघडवलीस ती! आता बस तशीच!" एमपी नगरच्या चौकात सिग्नलला ती पदरात ओकली. घरी आल्यावर तिने पदर स्वतः धुतला. जूनमध्ये ती गेली.

उदयला गाडी विकायची नव्हती की कुठे फिरायला जायचं नव्हतं. ती काच कुणामुळे अडत होती, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"दरवाजा खोल," तो म्हणाला. "मेरे सामने खोल."

शकीलने कुरकुरत दाराचं आतलं कव्हर काढलं. काच ज्या पट्टीवर बसवलेली असते तिचे दोन बोल्ट उदयने स्वतः सैल केले, काच हाताने वर उचलून चिकटपट्टीने दाराला अडकवली आणि शकीलला म्हणाला, "अब बटन दबा."

काचेचं ओझं उतरल्याबरोबर मोटर सर्रकन फिरली. पट्टी खाली गेली, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. कुठे अडखळणं नाही की कण्हणं नाही.

"देखा?" उदयचा आवाज फाटला. "मोटर ठीक है! बटन ठीक है! किसी मैडम ने कुछ नहीं जलाया! बोल अब!"

"ठीक है साहब, मान गए," शकीलने हात वर केले. "तो काँच फँसता कहाँ है?" त्याने दाराच्या चौकटीतल्या रबराच्या खाचेत बोट घातलं, खालपर्यंत फिरवलं आणि बाहेर काढून बघितलं. बोटावर काळा चिकट लगदा होता. तो हसायलाच लागला. "अरे खां! रबर में ग्रीस किस गधे ने भर दिया? रबर फूल गया, ऊपर से सालों की धूल. काँच बेचारा सरकेगा कैसे?"

उदयने त्याच्या बोटाजवळ नाक नेलं. वास ओळखीचा होता.

खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. पाने, पक्कड, मल्टिमीटर पाटावर मांडायचे, गाडीला हार घालायचा. आदल्या दिवशी उदय कारखान्यातल्या ग्रीसचा डबा घेऊन बसायचा आणि गाडीत जे जे हलतं त्याला ग्रीस लावायचा. कड्या, बिजागऱ्या, कुलपं. काचेच्या खाचासुद्धा. डाव्या दाराला जरा जास्तच, कारण तीच काच अडायची. अडली की ग्रीस, आणि ग्रीस लावलं की आणखी अडायची. लोखंडाला जे चालतं ते रबराला चालत नाही, हे कारखान्यातल्या कुठल्याही शिकाऊ पोराला त्याने सांगितलं असतं. घरच्या गाडीला मात्र त्याने दहा वर्षं तेच केलं होतं.

"किसने भरा, साहब?" शकीलने पुन्हा विचारलं.

"मैंने," उदय म्हणाला.

शकीलचं हसू जागच्या जागी विझलं. मग दोघं कामाला लागले. साबणाच्या पाण्याने खाच धुतली, फडक्याने कोरडी केली, सिलिकॉनचा फवारा मारला, काच परत बसवली. रबर अजून थोडं फुगलेलं होतं, तरी काच एका दमात खाली गेली.

परत निघून उदयने गाडी होशंगाबाद रोडला घेतली. अबोली पुढे डावीकडे बसली होती. तिने बटण दाबलं, आणि गरम वारा गाडीत शिरला.

"तिची चूक नव्हती," तो म्हणाला.

"माहीत होतं, बाबा. आईलासुद्धा. ती म्हणायची, यांनी ग्रीस लावलं की काच जड होते."

त्याने करकचून ब्रेक दाबला. मागच्याने हॉर्न वाजवला, शिवी दिली आणि निघून गेला. उदयने गाडी कडेला घेतली.

"मग मला सांगितलं का नाही? एकीने तरी सांगायचं होतं! दहा वर्षं! तोंडं शिवली होती का तुमची?"

"बघा," अबोली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. अगदी त्याच्यासारखा. "अजून ओरडताय. कोण सांगणार तुम्हाला?"

उदयने स्टीअरिंग घट्ट धरलं. बाजूने बस गेली, ट्रक गेला.

"अजून काय आहे?" तो म्हणाला. "अजून काय काय सांगितलं नाहीत?"

"जाऊ द्या ना."

"नाही. सांग."

अबोलीने नाक पुसलं. "मिक्सर. तो आईने नव्हता जाळला. तुम्ही त्यात हळकुंडं दळली होती."

"छे! तो तर तिनेच..." उदयचा आवाज सवयीने चढला. त्याने ओठ घट्ट मिटले, गाडी बंद केली आणि डाव्या दाराच्या उघड्या काचेकडे बघत म्हणाला, "बरं. पुढे सांग."