जाणाऱ्यानं पाठ टेकावी

हिवाळा आला की आमच्या गावात हॉलमधल्या पोहण्याच्या तलावातलं पाणी सोडून देत, वर फळ्या टाकत आणि त्यावर कुस्तीचं रिंगण उभं करत. खाली पोकळ खड्डा, त्यामुळे कुणी आपटला की वाटायचं गिरणीचं धुराडंच कोसळलं. अर्नी पिलिंग पहिल्यांदा आपटला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आमचं लग्न ठरलेलं होतं. आवाज ऐकला आणि मनात आलं, झालं, आता दुसरा शोधायला हवा.

त्याला आपटणारा होता वॉल्टर हॅस्लम. धिप्पाड, तुटक्या नाकाचा, भुवया जोडलेल्या. जाहिरातीवर त्याचं नाव ‘कसाई हॅस्लम’ असं लाल अक्षरांत असायचं. दिवसा हा कसाई गिरणीत सुताच्या पेट्या वाहायचा आणि संध्याकाळी म्हाताऱ्या आईचे पाय चोळायचा. अर्नीला देवानं सोनेरी कुरळे केस दिले होते, त्यामुळे तो सज्जन ठरला. आमच्याकडं सज्जन-दुर्जन ठरवायला एवढं पुरतं.

अर्नी त्या रात्री हरला. हरणारच होता. नव्या गड्यानं पहिली कुस्ती हरायची, हा त्या धंद्यातला रिवाज. तो मला तेव्हा ठाऊक नव्हता आणि अर्नीनंही सांगितला नाही. कुस्ती नुरा असते, आधी ठरवून होते, हे बाहेरच्या कुणाला सांगायचं नसतं. आईला नाही, बायकोला नाही, पाद्र्याला तर नाहीच. मी रात्रभर रडले. रविवारी अर्नीच्या आईकडं जेवायला गेले, तर मागच्या दारानं टोपी डोळ्यांवर ओढून कसाई आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

“हा इथं काय करतोय?” मी विचारलं.

“जेवतोय,” अर्नी म्हणाला.

“अरे, काल यानं तुझा खांदा उखडला!”

वॉल्टर बटाटे वाढून घेत होता. “डावा उखडायचं ठरलं होतं,” तो म्हणाला. “हा गाढव उजवा धरून विव्हळत बसला. तो पंच बिचारा, हसू दाबता दाबता मरायला टेकला.”

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. शाळेची काच फोडलेली पोरं हेडमास्तरकडं बघतात तसे.

“कुणाला सांगू नकोस हं, विनी,” वॉल्टर म्हणाला.

मी नाही सांगितलं. एकवीस वर्षं नाही सांगितलं.

सज्जनानं आणि दुर्जनानं एकत्र दिसायचं नाही, हा दुसरा रिवाज. दोघं एकाच गाडीतून गावोगाव जायचे. पण गाव जवळ आलं की वॉल्टर रेल्वेच्या पुलाखाली उतरायचा आणि बॅग घेऊन उरलेलं अंतर पायी तुडवायचा. त्यांची सगळी मैत्री त्या गाडीत झाली. आमच्या लग्नात वॉल्टर नव्हता. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आला, उरलेला केक उभ्या उभ्या खाल्ला, म्हणाला, “छान झालं म्हणे लग्न.” मी म्हटलं, “हो, तू असतास तर कुणीतरी तुला खुर्चीनं हाणलं असतं, तेवढीच मजा राहिली.”

हाणणाऱ्यांत पहिली होती मिसेस टॅटर्सल. पहिली रांग, कडेची खुर्ची, मांडीवर विणकाम आणि हाताशी छत्री. विधवा बाई. एरवी चर्चमध्ये फुलं लावायची, कुणाशी चढ्या आवाजात बोलायची नाही. पण वॉल्टर दोरांजवळ आला की उठून छत्रीचं टोक त्याच्या कमरेत खुपसायची. “लाज वाटत नाही मेल्या, मागून धरतोस ते!” अर्नीसाठी ती दर वेळी घरी केलेली टॉफी आणायची. ती टॉफी गाडीत निम्मी वॉल्टर खायचा आणि म्हणायचा, “बाईचा हात चांगला आहे. दोन्ही बाबतींत.”

दोघांची जोडी अशी जमली की आमच्या भागातल्या प्रत्येक हॉलमध्ये त्यांना बोलवायचे. शेवटी नेहमी अर्नी जिंकायचा. लोक गिरणीतून थकून यायचे, आठवडाभर फोरमनचं ऐकून घेतलेलं असायचं, आणि शनिवारी सोनेरी केसांचा आपल्यातलाच एक पोरगा दुष्टाला आडवा करायचा. बाया अक्षरशः डोळे पुसत घरी जायच्या. ह्याला खोटं म्हणायचं तर म्हणा.

मग अर्नीच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि अर्नीनं दाराआडून ऐकलं. घरी येऊन चहा झाल्यावर तो म्हणाला, “गावात सांगायचं नाही. लोक कीव करत तिकीट काढतील, ते मला नको.” केस अजून सोनेरी होते, काही आता बाटलीतल्या रंगाचे. अंगावरचं मांस उतरत होतं, ते मी रिंगणात घालायच्या झग्याच्या खांद्यांत कापूस भरून झाकलं.

त्याला एकच हवं होतं. एक शेवटची कुस्ती. आपल्या गावात, आपल्या तलावावर, वॉल्टरशी.

वॉल्टर आला, मागच्या दारानंच. मी दोघांसमोर खिमा भरून भाजलेला ‘मीट पाय’ ठेवला. अर्नीनं त्यातलं घासभरही खाल्लं नाही, वॉल्टरनं त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडं ताटात टाकलं.

“तू जिंकायचं,” वॉल्टर म्हणाला. “मी तिसऱ्या फेरीत पडतो. तू हात वर कर, टॉफी घे, घरी जा.”

“येणारा हरतो, जाणारा हरतो. रिवाज आहे.”

“चुलीत गेला रिवाज.”

“आणि उद्या तू काय करणार?” अर्नी म्हणाला. “मी तुला पाडून गेलो की तू कोण? एका म्हाताऱ्यानं पाडलेला कसाई. कोण येणार बघायला? मी पडलो तर तू अर्नी पिलिंगला पाडणारा एकमेव माणूस. दहा वर्षं चालशील. प्रत्येक गावात तुझा मुडदा पडलेला बघायला लोक रांग लावतील.”

“मला नकोत रांगा.”

“तुला दुसरं येतं काय रे, घोड्या? गिरणी तर बंद झाली.”

वॉल्टर माझ्याकडं वळला. “विनी, तू सांग ह्याला.”

मी म्हटलं, “मी एकवीस वर्षं ह्याला चपला दारात काढ म्हणून सांगतेय.”

तेव्हा तिघंही हसलो. मग अर्नी म्हणाला, “आणि नंतर... खांदा तूच द्यायचास. डोक्याकडची बाजू, डावीकडून. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी मला नीट उचललेलं नाही.”

वॉल्टरनं मान हलवली.

कुस्ती झाली. वॉल्टर त्याला काचेच्या भांड्यासारखा हाताळत होता, आणि लोकांना दिसत होता राक्षस. शेवटी त्यानं अर्नीला डोक्यावर उचललं. मी बघत होते, पंजे असे रोवले होते की अर्नीचं सगळं वजन वॉल्टरच्याच अंगावर यावं. खाली आणताना गुडघा आधी त्यानं स्वतःचा टेकला, फळ्या दणाणल्या त्या त्याच्या गुडघ्यानं. अर्नी पाठीवर पसरला. पंचानं मोजलं. हॉलमध्ये कुणी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. अर्नीला स्ट्रेचरवर नेलं, ते आधीच ठरलं होतं. पण तो त्यावरून स्वतः उठू शकला नाही, ते ठरलं नव्हतं.

हिवाळा संपायच्या आत तो गेला.

आता गावानं काय पाहिलं होतं? कसायानं अर्नीला उचलून आपटलं, अर्नी स्ट्रेचरवर गेला, परत कुणाला दिसला नाही आणि मेला. गाठीचं कुणाला माहीतच नव्हतं. मी सांगू पाहिलं, तर मिसेस टॅटर्सलनं माझा हात धरला. “तू भली आहेस गं पोरी, म्हणून झाकतेस. आम्ही डोळ्यांनी बघितलंय.” मासे-चिप्सच्या दुकानात वॉल्टरला कुणी पुडी बांधून देईना. त्याच्या पुढच्या खिडकीची काच फुटली. भिंतीवर कुणीतरी ‘खुनी’ लिहिलं.

मी त्याच्या घरी गेले. पुढच्या दारानं, भर दुपारी. तो खिडकीला पुठ्ठा ठोकत होता.

“शुक्रवारी अकराला दफन आहे,” मी म्हटलं. “खांद्याला पाच जण आहेत, असं त्या अंत्यविधीवाल्या लोमॅक्सला मी सांगितलंय. सहावा तू.”

“विनी, वेड लागलं का तुला? मी खांदा दिला तर लोक काय समजतील? की आम्ही दोस्त होतो. आणि दोस्त होतो तर मग मारामारी कसली? एकवीस वर्षं सगळं नुरा. अर्नीचा एकेक विजय खोटा. त्या बायांनी त्याचे फोटो शोकेसमध्ये लावलेत गं.”

“आणि तू खुनी म्हणून हिंडलास तर चालेल?”

“मी काय, मी आधीपासून कसाईच आहे.”

“त्यानं तुझ्याजवळ मागितलं होतं, वॉल्टर. दुसरं काहीच मागितलं नाही.”

त्यानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. “येतो,” म्हणाला. “होऊ दे काय व्हायचं ते.”

शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी दुखवट्यासाठी पडदे ओढले होते आणि सगळी माणसं चर्चच्या फाटकापाशी उभी होती. मला वाटलं होतं पन्नासेक येतील. रस्ता भरला होता. गिरणीतले जुने लोक, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कितीतरी जणींनी अर्नीचा सहीचा फोटो कोटाला टाचणीनं लावला होता. शवपेटी गाडीतून उतरवली. पाच जण आपापल्या जागी उभे राहिले. डावीकडची पुढची जागा रिकामी होती.

वॉल्टर टेकडीवरून खाली चालत आला. काळा कोट, काळी हॅट, दाढी इतकी घोटून केलेली की गालावर कापलं होतं. लोक बाजूला झाले नाहीत. मिसेस टॅटर्सल मधोमध उभी राहिली आणि छत्री आडवी धरली.

“एक पाऊल पुढं टाकू नकोस,” ती म्हणाली. “ह्या पोरानं आम्हाला... तू त्याला... इथं तरी त्याला सोड.”

मी पुढं झाले. सांगणारच होते. आमचा हा सगळ्यांत जवळचा माणूस आहे, त्याला येऊ द्या, एवढंच वाक्य, जिभेवर होतं. वॉल्टरनं ते माझ्या तोंडावर वाचलं. मग त्यानं त्या बाईकडं पाहिलं, तिच्या कोटावरच्या फोटोकडं पाहिलं, तिच्या मागच्या सगळ्या फोटोंकडं पाहिलं. त्यानं हॅट काढली नाही, उलट मागं सरकवली. खिशात हात घातले. आणि तो रिंगणात हसायचा तसं एका बाजूनं हसला.

“काय रे अर्नी,” तो पेटीकडं बघून ओरडला, “उठतोस ना? का पंच अजून मोजतोय?”

रस्त्यावर श्वास घेतल्याचा आवाज झाला, सगळ्यांचा मिळून एकच. आणखी क्षणभर गेला असता तर त्या लोकांनी त्याला खरोखर फाडलं असतं. मला एकदम कळलं की तो तिथं माझ्यासाठी थांबलाय. रिंगणात एकानं डाव टाकला की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं असतं, आणि ज्यानं द्यायचं तो पेटीत होता.

मी जाऊन त्याच्या थोबाडीत मारली.

मी पाच फुटांची बाई. तरीही तो असा भेलकांडला की जणू दहा जणांनी उचलून फेकलाय; दोन पावलं मागं, पाय घसरला, हॅट उडाली, आणि पाठीवर गटारात. पाठ पूर्ण टेकली. लोकांनी आरोळी ठोकली. देवाच्या दारात, समोर पेटी, आणि लोक टाळ्या वाजवत होते, एका म्हाताऱ्यानं तर टोपी हवेत उडवली. माझा तळहात ओला झाला होता. त्याचा गाल, मी मारायच्या आधीच, पूर्ण भिजलेला होता.

तो उठला. हॅट उचलली, बाहीनं पुसली, कुणाकडंही न बघता टेकडी चढून गेला. गुडघ्यात लंगडत होता. ते नाटक होतं का खरं, मला अजून माहीत नाही.

लोमॅक्सनं घाईघाईनं आपला एक माणूस सहाव्या जागी उभा केला. माणूस चांगला होता, पण बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटका. पेटी उचलली आणि ती डावीकडं कलली. आत काहीतरी हळूच सरकल्याचं मला ऐकू आलं. ऐकू आलं नसेलही. बाईनं खांदा द्यायची आमच्यात रीत नाही, पण मी पुढं गेले आणि त्या कललेल्या कोपऱ्याखाली हात धरला. पाद्र्यानं डोळे वटारले. मी नाही काढला.

मिसेस टॅटर्सल माझ्या बाजूनं चालत होती, छत्री काखेत मारून. तिनं माझी दुसरी बाही धरली होती.

“बरं केलंस पोरी,” ती हुंदके देत म्हणाली. “चांगली वाजवलीस मेल्याला. अर्नीला बघायला हवं होतं.”

“हो,” मी म्हटलं. “त्या दोघांनाही आवडलं असतं.”

“दोघांनाही?”

“अर्नीला,” मी म्हटलं. “अर्नीला आवडलं असतं.”

तिनं मान हलवली आणि रुमाल माझ्या हातात दिला. माझा एक हात पेटीखाली होता आणि दुसरा तिनं धरलेला, त्यामुळे तो रुमाल मी तसाच मुठीत धरून आत गेले.