रक्तचंदनाचा लेप

एका झाडाला वाचवायला जगभरचे देश एकत्र बसले म्हणे. बसोत बापडे. माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घोडपदेवच्या चाळीत ते कुणी येऊन सांगितलं होतं का?

आमचे हे, जगन नाव त्यांचं, मिलमध्ये साच्यावर कापड विणायला होते. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. मग मिळेल ते काम. केळी विकली, वॉचमनकी केली, आणि शेवटी रे रोडला मनमोहनशेठच्या लाकडाच्या वखारीत लागले. शेठने वखारीची चावी यांच्या हातात दिली. अगं बाई, काय तो रुबाब! घरी आले की चावी देवापुढे ठेवायचे. मी म्हणायचे, "अहो, शेठने चावी दिलीय, वखार नाही दिली." नुसते हसायचे.

सत्त्याण्णव साली चाळीत गालगुंडाची साथ आली. आमची शकू तापाने फणफणलेली, गाल टम्म सुजलेले, पाणी गिळवेना. हे कामावरून आले आणि खिशातून लाल लाकडाची ढलपी काढली. "रक्तचंदन आहे, अस्सल. उगाळून लाव." वखारीत मागे, फरशांच्या पेट्यांच्या आड ओंडके लपवून ठेवले होते, त्यातली ही पडलेली ढलपी. मी उगाळून लावली, पोरीला आराम पडला. ते शेजारच्या रखमाने पाहिलं, तिच्याही पोरांचे गाल सुजलेले. मग काय! दुसऱ्या दिवशी हे पिशवीभर ढलप्या घेऊन आले आणि प्रसाद वाटावा तशा दारोदार वाटल्या. मला तेव्हा नवऱ्याचं कौतुकच वाटलं. खोटं कशाला बोलू?

चारच दिवसांत वखारीवर कस्टमवाल्यांची धाड पडली. ओंडके फरशांच्या नावाखाली बोटीने परदेशी चालले होते. शेठ हात वर करून मोकळा. म्हणाला, "मी महिनोन्‌महिने तिकडे फिरकत नाही, चावी जगनकडे असते." हे घाबरले. "साहेब, लाकूड आहे एवढंच मला ठाऊक. कसलं ते नाही ठाऊक," असं बोलून बसले.

मग यांना घेऊन ते लोक आमच्या खोलीची झडती घ्यायला आले. दोन साहेब आणि एक बाईसाहेब, साध्या कपड्यांत. बाईसाहेब चांगली वाटली, चपला बाहेर काढून आत आली. मला म्हणाली, "ताई, हे झाड फक्त आंध्रकडच्या डोंगरात होतं. चोरून तोडून तोडून संपत आलंय. म्हणून परदेशी पाठवायला बंदी आहे. तुमच्या मिस्टरांना लाकूड कसलं ते माहीत नव्हतं असं ठरलं, तर ते साक्षीदार. माहीत होतं असं ठरलं, तर आरोपी."

एवढं सरळ होतं सगळं.

तेवढ्यात गॅलरीतून पोरं डोकावली. एकेकाचे गाल लालेलाल. बाईसाहेबांनी विचारलं, "हे काय लावलंय?" आणि आमची रखमा, जिभेला हाड नाही मेलीच्या, कौतुकाने पुढे झाली. "रक्तचंदन हो! जगनभावजींनी आणलं. एक पैसा घेतला नाही कुणाकडून. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

यांचा चेहरा पांढराफटक. बाईसाहेब माझ्याकडे वळली. मी धडधडीत सांगितलं, "बाई, यांना काय कळतंय? ते जळण म्हणून आणत होते. माझी आई लावायची, म्हणून मी ओळखलं. मीच नाव सांगितलं सगळ्यांना."

"मग तुम्हाला यावं लागेल आमच्याबरोबर. जबाब द्यावा लागेल."

"येते की," मी म्हटलं आणि पदर खोचला. दोन तास बसवतील, चार तास बसवतील, त्याला कोण घाबरतंय?

"नाही," हे म्हणाले. "तिला नेऊ नका, साहेब. तिला काही ठाऊक नाही. रक्तचंदन मी ओळखलं. मीच आणलं."

"अहो, गप बसा ना!" मी ओरडले. "खोटं बोलतायत ते, बाई!"

"मंजुळा, शकूला कोण बघेल?" एवढंच म्हणाले, आणि खुंटीवरचा धुतलेला शर्ट घालायला लागले. बटणं लागेनात. मी लावून दिली. मला त्यांचा इतका राग आला होता की नीट निरोपसुद्धा दिला नाही.

जामिनाला शेठ उभा राहिला नाही, दुसरं कोण राहणार? तारखांवर तारखा पडत गेल्या. निकाल लागायच्या आतच कोठडीत छातीत कळ येऊन गेले. आरोपी म्हणूनच गेले.

रखमाशी मी त्या दिवसापासून बोलत नव्हते. समोरून आली की दार लावून घ्यायचे. यांना घरी आणलं तेव्हा तीही आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. तेवढ्यात शेठचा माणूस हार घेऊन आला. हा एवढा मोठा, गुलाबाचा. मी तो त्याच्या हातातून ओढला आणि गॅलरीतून खाली गटारात फेकला. रखमा तेवढी म्हणाली, "बरं केलंस."

मी तिला म्हटलं, "आत ये. पोरीला जवळ घे."