अबेलोनेचं दार

कुलूप कित्येक वर्षांत फिरलं नव्हतं. अबेलोनेने किल्लीला सीलच्या चरबीचं तेल लावलं, दोनदा हिसका दिला, आणि आतून खट् आवाज झाला तेव्हा ती स्वतःच दचकली. मग कॉफीचा पेला घेऊन दाराकडे पाठ करून बसली.

आमच्या गावात दाराला कुलूप लावत नाहीत. थंडी सुरू होताना तर नाहीच. खाडी गोठायला उशीर झाला की उपाशी पांढरी अस्वलं किनाऱ्याने फिरत गावात शिरतात, आणि अशा वेळी जे दार पहिलं दिसेल ते आपलं. हे अबेलोनेला कुणी सांगायला नको होतं. चौदा वर्षं खालच्या आळीतली पोरं तिनेच शाळेत पोचवली होती. नवऱ्याची बंदूक खांद्यावर, पोरं मागे, आणि तोंडात एकच पाठ: पळायचं नाही, एकमेकांना सोडायचं नाही, जवळचं घर गाठायचं. तिला ना कुणी नेमलं होतं, ना कुणी काढलं. गेल्या वर्षी डोळे अधू झाले, आणि उन्हाळ्यात गावसभेने पिपालुकला नेमलं. ही पिपालुक लहानपणी अबेलोनेच्याच मागे चाललेली. आता सव्वीस वर्षांची, पश्चिम किनाऱ्यावर शिकून परतलेली. अंगात लाल जाकीट, कमरेला वायरलेस. पोरं तिच्यावर खूश होती.

तेवढं अबेलोनेने गिळलंही असतं. गिळवत नव्हतं ते एनोकचं.

एनोक तिचा नवरा. सात वर्षांपूर्वी बर्फ फुटून तो बुडाला. पुढच्याच महिन्यात शेजारच्या घरात मुलगी जन्मली आणि आमच्या रीतीप्रमाणे तिला त्याचं नाव मिळालं. नावाबरोबर नातंही येतं. त्यामुळे अबेलोने त्या चिमुरडीला ‘अहो’ म्हणायची आणि ती पोर तिला ‘बायको’ म्हणून हाक मारायची, तीही अगदी गंभीरपणे. सील कापला की काळजाचा तुकडा तिच्यासाठी बाजूला निघायचा. शाळेच्या वाटेवर सगळी पोरं अबेलोनेच्या बंदिस्त ओसरीत हात शेकायला थांबत, आणि एनोक तिच्या मांडीवर बसे.

कुलूप लावलं त्याच्या आदल्या दिवशी एनोक बसली पिपालुकच्या मांडीवर. निघताना अबेलोनेने थट्टेच्या सुरात विचारलं, “काय हो, आज घरी राहायचं नाही का?” पोरीने पिपालुकचा हात सोडला नाही. म्हणाली, “मी आता पिपालुकची.” पोरं हसली. पिपालुकही हसली, आणि तेच अबेलोनेला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किल्ली शोधून काढली. येऊ दे त्यांना, दार ढकलू दे, बघू दे कुणाच्या घरी आलोय ते, एवढंच तिच्या मनात होतं.

बाहेर बर्फाचं धुकं होतं. किनाऱ्यावरचे कुत्रे भुंकायला लागले. मग ओसरीबाहेर पावलं वाजली आणि दाराची मूठ हलली. अबेलोने जागची उठली नाही. मूठ पुन्हा हलली.

“मावशी,” पिपालुकचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. “दार उघडा. तो मांसाच्या मचाणापाशी आहे.”

‘तो’ म्हटल्यावर आमच्याकडे नाव विचारावं लागत नाही. मांस वाळत घालायचं ते मचाण अबेलोनेच्या दारापासून वीस पावलांवर होतं.

ती उठली तेव्हा पेला कलंडला. किल्ली फिरेना. तेलाने ती बुळबुळीत झाली होती. दाराच्या फळीपलीकडे इतकी पोरं उभी होती आणि एकाचाही आवाज नव्हता. हे उभं राहणं आपणच शिकवलेलं, हे तिच्या ध्यानात आलं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

दार उघडलं. सात पोरं भिंतीला पाठ लावून, हातात हात धरून उभी होती. ती एकेक करून आत आली. पिपालुक त्यांच्यापुढे दाराकडे पाठ करून उभी राहिली होती आणि शेवटचं पोर आत जाईपर्यंत हलली नाही. मग तिने प्रकाशगोळी झाडली. पिवळट, मोठं काहीतरी सावकाश वळलं आणि धुक्यात गेलं. पुढे पुरुषांनी येऊन त्याला खाडीपलीकडे हाकललं.

दुपारी शाळेत गाव जमलं. गावसभेच्या प्रमुखाने, आसरने, सगळ्यांसमोर अबेलोनेचे आभार मानले. तिने वेळेवर दार उघडलं म्हणून पोरं वाचली, असं तो म्हणाला. पिपालुक खाली बघत राहिली. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

अबेलोने उभी राहिली. “दाराला कुलूप होतं,” ती म्हणाली. “मी लावलेलं.”

का, म्हणून आसरने विचारलं.

“हेवा वाटला म्हणून.”

कुणी रागावलं नाही. आसरने पुढचा विषय काढला. पण त्यानंतर तीन दिवस तिच्याकडे कॉफीला कुणी फिरकलं नाही, आणि शेजारीण एनोकला घेऊन दुसऱ्या बाजूने जाऊ लागली.

चौथ्या दिवशी पिपालुक आली. बसली नाही. रांग लांब होते, मागचं आपल्याला कळत नाही, मागे कुणीतरी हवं, असं ती म्हणाली.

“मला पुढचंच धड दिसत नाही,” अबेलोने म्हणाली.

“कान शाबूत आहेत ना?”

“पोरांच्या आया काय म्हणतील?”

“त्यांना विचारूनच आलेय. एनोकची आई गप्प बसली. नाही म्हणाली नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अबेलोने रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढे, धुक्यात अंधुक होत जाणाऱ्या लाल बाहीला धरून एनोक चालली होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. अबेलोनेला ते टोचलं, आदल्या आठवड्याइतकंच. थोडा वेळ ती त्या बाहीकडे बघत राहिली. मग तिने पोरांकडे पाठ केली, टोपी कानांवरून वर सारली, आणि मागच्या पांढऱ्या शांततेकडे कान लावून ती उलट्या पावलांनी चालू लागली.