आखाजीची बॅटरीगाडी

आई गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या साऱ्या सुनांना माहेरी न्यायला मुऱ्हाळी येऊन गेले, आणि मी मात्र सणाची सकाळ उजाडली तरी नरडाण्याला सासरच्या घरात दाराकडे डोळे लावून बसलेली. माझा धाकटा भाऊ कौतिक पुण्याला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला रजाच उशिरा मिळाली. धुळ्याला माहेरच्या घरी दुपारच्या आत आईच्या नावाची पहिली घागर भरायची होती. घागरीवर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज ठेवतात, आणि गेलेल्या माणसांची नावं घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावतात. आईच्या नावाचं बोट मीच लावणार होते.

शेवटी स्वारी धुळ्याहून आली, तीही एका जुन्या मोटारीतून. इंजिन काढून टाकून त्याने तिच्यात ट्रकच्या बॅटऱ्या भरल्या होत्या. ना धूर, ना आवाज.

"एवढं डोकं आहे तर तुझा कारखाना का नाही काढत असली गाडी?" मी विचारलं.

"काढतील गं अक्का," म्हणत त्याने विषय टाळला. "आपल्याला धुळे-नरडाणा जाऊन-येऊन पुरते. मी करून बघितलंय."

बघितलं होतं ते एकट्याने! आखाजीची लेक कधी रिकाम्या हाताने निघते का? सासूबाईंनी डांगरांची टोपली, गव्हाचं पोतं, कुरडयांचा डबा आणि माझी दोन पोरं, सगळं गाडीत कोंबलं. हा शहाणा हसत बघत राहिला.

सोनगीरच्या अलीकडे गाडी हळू झाली, मग थांबली ती थांबलीच. ऊन डोक्यावर आलं होतं. माझा असा संताप झाला की विचारू नका.

"अजून चार बॅटऱ्या टाकायला काय झालं होतं तुला?"

"तिथेच तर घोडं अडतं," तो घाम पुसत म्हणाला. "लांब जायचं तर शिदोरी जास्त, शिदोरी वाढली की ओझं वाढतं, आणि ओझ्याने भूकही वाढते. शिवाय बॅटऱ्याच गाडीपेक्षा महाग पडतात. साहेब म्हणतात, स्वस्त केली तर लांब जात नाही, लांब नेली तर कुणाला परवडत नाही. पहिला तोटा कोणत्या कारखान्याने सोसायचा?"

मला कारखान्याचं काय पडलंय? मी रस्त्यावरच रडायला लागले. शेजारच्या मळ्यातून एक म्हातारी आणि तिचा मुलगा धावत आले. भिकुबाई आणि जीवराम. रडत रडतच मी त्यांना घागरीचं सांगितलं.

"रडू नको माय," भिकुबाई म्हणाली. "आखाजीना दिन लेक रस्तावर बसस का? चाल घरमा."

सणाला शेतीची कामं बंद, त्यामुळे विहिरीवरचा विजेचा पंप मोकळाच होता. गाडी ढकलत तिथे नेली आणि जीवरामने पंपाची वीज तिला जोडून दिली. संध्याकाळपर्यंत काही ती हलणार नव्हती.

घरात भिकुबाईची घागर भरून तयार होती. तिने शेजारी दुसरी कोरी घागर मांडली, विहिरीचं ताजं पाणी ओतलं आणि वर आमच्याच टोपलीतलं डांगर ठेवलं. मग उंबऱ्याशी बसून सासऱ्याचं, सासूचं, नवऱ्याचं नाव घेत तिने बोटं लावली आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

"आते तू लाव. तुन्ही मायनं नाव ले."

"यशोदाबाई," मी म्हटलं आणि बोट टेकवलं. परक्या घराचा उंबरा, पण भिकुबाईचा हात माझ्या पाठीवर होता. आई गेल्यापासून असा हात पाठीवरून फिरला नव्हता. त्या माउलीचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू? मग तिने आम्हाला आमरस-पुरणपोळी पोटभर जेवू घातली. कौतिक तर तीनदा रस मागून घेऊन प्यायला, लाज म्हणून नाही त्याला.

पुढच्या आखाजीला तो एसटीने आला. त्याच्या कारखान्याची बॅटरीगाडी अजून कागदावरच होती.

"स्टँडवर चल लवकर," तो म्हणाला. "धुळ्याची थेट गाडी लागलीय."

"थेट नको," मी म्हटलं. "आधी सोनगीरला उतरू. आईच्या नावाचं बोट भिकुबाईच्या उंबऱ्यावर लावायचंय."