नानांच्या माश्या

रंगुबाईनं पदराखालचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि नानांच्या ओट्यावर उपडा केला. ओंजळभर मेलेल्या मधमाश्या फरशीवर पडल्या. उसाच्या रसानं त्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"बगा," ती म्हणाली. "ही निस्ती सकाळची. गाळणीत सापडल्याल्या."

नानांनी चष्मा चढवला आणि उकिडवे बसून एक माशी काडीनं वेगळी केली. पोटावर काळे-पिवळे पट्टे होते, अंग बारीक होतं.

"माझ्याच हायेत," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. आणि म्हणताना, वाईट वाटत असूनही, आवाजात जरा मालकीचा ताठा आलाच.

कळंबच्या फाट्यावर लिंबाखाली रंगुबाईची रसवंती होती. तिच्या नवऱ्याच्या पाठीनं दगा दिल्यापासून तो बसल्या बसल्या ऊस तासायचा आणि बाकी सगळं ही बघायची. उन्हाळ्याचे तीन महिने हेच तिचं वर्ष. एरवी ती तोंडाची तिखट नव्हती, पण आज तिचा चेहरा तापलेला होता.

"काल बारामतीची गाडी थांबली. लेकरंबाळं उतरली. धाकल्या पोरीच्या ओठाला डसली माशी. आसा ओठ सुजला तिचा! तिच्या बापानं चार लोकांत माजी शोभा केली, नाना. तवापासनं गिऱ्हाइक लांबनंच बगतंय आन् पुढं जातंय."

"लई डसली का पोरीला?"

"डसायची ती डसली. आता लोक मला म्हणत्यात, वाटीभर रसात औषध कालवून ठिव, सांजपातूर खेळ खलास." तिनं डब्याचं झाकण लावलं. "म्या न्हाय ठिवलं. मुक्या जिवाला इख घालणं मला जमायचं न्हाय. पर नाना, तुमच्या माश्या तुमी आवरा."

डबा पदराखाली घेऊन ती गेली. नाना तिथंच बसून राहिले. शेळी असती तर दाव्याला बांधली असती, कोंबडी असती तर पाटीखाली झाकली असती. माशी आवरायची कशी?

"माश्यांच्या कपाळावर तुमचं नाव लिवलंय का?" आतून शकुबाई म्हणाली. नानांची बायको स्वयंपाकघरातूनच सगळ्या गावाचं ऐकायची. "लगीच म्हनं माझ्याच!"

"गावात दुसऱ्या कुणाची पेटी हाय? सांग की."

पेटी खरंच दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि नानांना नेमकी तीच गोष्ट प्रिय होती.

छत्तीस वर्षं त्यांनी कंपनीत लेथवर काढली होती. लोखंडाला जे माप सांगावं तेच ते देतं, एवढा एकच व्यवहार त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर वीस गुंठ्यांत भाजी लावून पाहिली, आणि दिवस काही सरेना. मग पेपरात बातमी वाचून बारामतीला मधमाशीपालनाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि जानेवारीत दोन पेट्या आणून परसातल्या चिंचेखाली मांडल्या. माश्या सातेरी जातीच्या. गावानं चेष्टेला कमी केलं नाही. नानांनी माश्या मारायच्या सोडून पाळायला काढल्या, असं पारावर ठरलं.

पण फेब्रुवारीत शेवगा फुलला, शेजारच्या रानातले कांद्याचे गोंडे पांढरे झाले, आणि पेटीचं दार गजबजलं. मध निघाला दोनच बाटल्या. तोही नानांनी औषधाच्या लहान बाटल्यांत भरून घरोघरी पोचवला. एक रंगुबाईलाही दिली. पुण्याहून मुलाचा, बुद्धघोषचा फोन आला, "नाना, ऑफिसात फोटो दाखवला सगळ्यांना." आयुष्यात पहिल्यांदा पोरगा बापाचं काही दाखवत होता. त्या रात्री नाना दोन भाकरी जास्त जेवले.

मार्चमध्ये एक पेटी उठून गेली. चूक त्यांचीच. राणीमाशी नीट आहे ना, हे बघायला ते रोज दोन्ही पेट्यांची झाकणं उघडायचे, आणि ह्या जातीला रोजची झडती सोसत नाही. भर दुपारी सगळा थवा उठला, चिंचेवरून निघाला, आणि थवा खाली बसावा म्हणून नाना ताट बडवत बांधापर्यंत धावले. बांधावर ताट हातात धरून उभे राहिले तेव्हा ऊस तोडणाऱ्या बाया हसत होत्या. उरली एक पेटी. तिला मात्र त्यांनी आठ-आठ दिवस हात लावला नाही. संध्याकाळी नुसते शेजारी खुर्ची टाकून बसत.

आणि मग एप्रिल आला. चहूकडे हिरवंगार, नजर पोचेल तिथवर ऊस, आणि त्यात माशीला बसायला एक फूल नाही. गोडवा सगळा कांड्यात कोंडलेला. तो उघडायचा फक्त रंगुबाईच्या चरकात.

दुसऱ्या दिवसापासून नाना कामाला लागले. आधी पेटीपुढं साखरेचा पाक ठेवला.

"च्याला साखर मोजून टाका म्हनता," शकुबाई म्हणाली, "आन् माश्यांला पाक!"

माश्यांनी पाक दुपारपर्यंत चाटून साफ केला, आणि रसवंतीवर तक्रार होती तशीच राहिली. मग नानांनी स्वतःच्या खाटेवरची मच्छरदाणी काढली आणि रंगुबाईच्या चरकाभोवती चारी बाजूंनी बांधून दिली. आत रंगुबाई घामानं निथळली. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, बाई आजारी आहे. दुपारी तिनं मच्छरदाणी सोडून घडी घातली आणि परत पाठवली. सोबत निरोप काही नव्हता, आणि तेच नानांना लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. विष घालायचं तिच्या हातात होतं आणि ती घालत नव्हती. तिच्या ह्या चांगुलपणापुढं नानांना तोंड वर करायला जागा राहिली नाही.

"पेटी हलवायची," त्यांनी ठरवलं.

कालव्यापलीकडं सिद्धूची पेरूची बाग होती. बुद्धघोषच्या वर्गातला हा सिद्धू. एका शब्दात हो म्हणाला. दिवस मावळताना, सगळ्या माश्या आत आल्यावर, नानांनी पेटीचं दार ओल्या फडक्यानं बंद केलं आणि पेटी मांडीवर घेऊन सिद्धूच्या मोटारसायकलवर मागं बसले. लाकडातून आतली गुणगुण मांड्यांना लागत होती. कालव्याच्या पुलावर खड्डा आला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पेटी अशी आवळून धरली की सिद्धू म्हणाला, "नाना, तुमी मला धरा, पडाल."

बागेत पेटी ठेवायची लाकडी घोडी मांडली. मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दार उघडलं. सगळं पुस्तकात होतं तसं केलं होतं. घरी येऊन नाना निवांत झोपले.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते सवयीनं जुन्या जागेकडे गेले आणि कप हातातच राहिला. पेटी नव्हती, पण माश्या होत्या. शेकडो. जिथं पेटीचं दार होतं, जमिनीपासून बरोबर तेवढ्याच उंचीवर, मोकळ्या हवेत त्या घिरट्या घालत होत्या. लेथवर जन्म काढलेल्या माणसाला ते माप कळलं. सुताचाही फरक नव्हता.

त्यांनी बारामतीच्या सरांना फोन लावला.

"किती लांब नेली पेटी?" सरांनी विचारलं.

"आर्धा किलोमीटर आसंल, सर."

"नाना, पेटी हलवायची तर तीन फूट, नाहीतर तीन किलोमीटर. मधल्या अंतराला त्या जुन्या जागीच परत येतात. चौथ्या दिवशी सांगितलं होतं मी."

चौथ्या दिवशी इंदापूरला भाचीचं लग्न होतं. नाना जेवणाच्या सुट्टीतच निघून गेले होते. लग्नात जिलेबी चांगली होती, एवढं त्यांना अजून आठवत होतं.

"मग आता काय करू?"

"पेटी परत जागेवर आणा."

परत आणायची म्हणजे रसवंती, तिथल्या लेकरांचे ओठ, रंगुबाईचा चेहरा. लांब न्यायची तर तीन किलोमीटरवर कोण आपलं, जो रोज वाट्यांत पाणी घालेल? नानांनी सरांना बरं म्हटलं आणि पेटी परत आणली नाही. त्याऐवजी पळून गेलेल्या माश्यांची रिकामी पेटी जुन्या जागी ठेवली. संध्याकाळी थकलेल्या माश्या तीत शिरल्या. नानांनी ती चालत पुलापलीकडं नेली आणि त्या माश्या त्यांच्या घरच्यांत सोडल्या. सकाळी त्या पुन्हा जुन्या जागी हजर होत्या, पण कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. काही चिंचेच्या मुळाशी पडल्या होत्या, पंख फाटलेल्या, पाय हलवणाऱ्या. नानांनी काडीला पाक लावून पुढं धरला. घ्यायचं त्राण एकीतही नव्हतं.

"अगं शकू," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये जरा."

शकुबाई आली, शेजारी उभी राहिली.

"ह्यांना सांगता आलं पायजे गं. तितं घर हाय म्हनून. कसं सांगायचं?"

शकुबाईनं पदर तोंडाला लावला. चौथ्या दिवशी त्या जागी कुणीच आलं नाही.

बागेतल्या पेटीत आता मूठभर उरल्या होत्या. नाना रोज दोनदा कालवा ओलांडून जात, वाट्या भरत, दाराशी बसत. रविवारी बुद्धघोष पुण्याहून आला, जेवणं लांबली, बोलणं लांबलं, ऊनही असं की रस्त्याचं डांबर चपलेला लागावं. दुपारची खेप चुकली. पोरगा "नाना, उद्या जा की" म्हणाला आणि नानांना ते पटवून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी वाट्या कोरड्या होत्या. घोडीच्या पायावरून मुंगळ्यांची रांग चढत होती आणि दुसरी उतरत होती. उतरणाऱ्यांच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. नानांनी झाकण काढलं. पेटीच्या तळाच्या फळीवर मेलेल्या माश्यांचा थर होता आणि त्यात एक लांबट, काळपट, बाकीच्यांहून मोठी. जिला बघायला ते मार्चमध्ये रोज झाकण उघडत होते, ती त्यांना आज शोधावी लागली नाही.

रिकामी पेटी घरी आणून त्यांनी माळ्यावर टाकली. शकुबाईनं उरलेल्या पाकाचा चहा केला, कप पुढं ठेवला, आणि साखरेवरून एक अक्षर बोलली नाही. त्या चहानं नानांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवून, वाफ डोळ्यांत गेली असं दाखवलं.

पुढचे नऊ दिवस ते फाट्याकडे फिरकले नाहीत. दहाव्या दिवशी शकुबाईच्या गोळ्या आणायला जाणं भागच होतं. मान खाली घालून ते लिंबाखालून पुढं निघाले होते, तेवढ्यात हाक आली.

"नाना! आवो नाना, आसं काय परक्यावानी?"

रंगुबाईनं बाकडं पुसलं. नाना बसले. गिऱ्हाइक कुणी नव्हतं. तिचा नवरा मागं, चिपाडाच्या ढिगाशी ऊस तासत होता. नानांना बघून त्यानं हातातला कोयता उगीच खाली ठेवला.

"शकूवैनी बाजारात भेटल्या," रंगुबाई म्हणाली. "सांगितलं त्यांनी."

"व्हय."

"माज्यामुळं झालं, नाना."

"न्हाय, न्हाय. तुमचं काय चुकलं? रोजी-रोटीचा सवाल व्हता."

तिनं चरक सुरू केला. रस पातेल्यात पडू लागला, आणि तिनं घाईघाईनं पातेल्यावर ओलं फडकं ओढलं. तेवढ्यात नानांना ऐकू आलं. चरकाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. तो त्यांनी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून ऐकला होता, दुसऱ्या कशाचा वाटणं शक्य नव्हतं. त्यांनी मान वळवली. चिपाडाच्या ओल्या ढिगावर, फडक्याच्या कडेला, गाळणीच्या जाळीवर माश्या होत्या. बारीक, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. दाट बसलेल्या, पूर्वी होत्या तितक्याच.

रंगुबाई सरकून मध्ये उभी राहिली, ढीग झाकेल अशी. पण एवढ्याशा बाईआड किती झाकणार?

नानांच्या पेटीला जाऊन दहा दिवस झाले होते. कुठल्या झाडाच्या ढोलीतल्या, कुठल्या विहिरीच्या कपारीतल्या असतील ह्या. तेव्हाही ह्याच होत्या. ती ओंजळही ह्यांचीच होती, आणि "माझ्याच हायेत" असं रंगुबाई म्हणाली नव्हती.

तिनं ग्लास भरला, वर तळहात धरून आणला आणि नानांच्या हातात दिला.

"लई सुटका झाली बगा तुमच्यामुळं," ती म्हणाली. तिची नजर नानांच्या चपलांवर होती. "आता एक माशी म्हनून येत न्हाय."

तळहात निघाला तशी एक माशी ग्लासाच्या काठावर उतरली. फिरली, थांबली, फेसाला तोंड लावलं. रंगुबाईनं ती पाहिली. नानांनीही पाहिली. दोघांपैकी कुणीच हात हलवला नाही.

माशीचं पिऊन होईपर्यंत नाना ग्लास स्थिर धरून बसले. ती उडाली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "बरं झालं, रंगुबाई. सुटलात तुमी."

आणि ते रस प्यायले, सगळा.